किहीमचा बंगला आणि ब्रॅडी हाऊसचं टेबल

अलिबागजवळच्या थळहून उत्तरेला निघालं की नवगाव आणि त्यापुढे किहीम. 8 मार्च 2019 रोजी किहीमच्या किनाऱ्यावरचा एक बंगला रायगड जिल्हा प्रशासनाने सुरुंग लावून पाडला. बांधकाम सुमारे 33,000 चौरस फुटांचं. जानेवारीच्या 25 तारखेला पाडकाम सुरू झालं होतं, पण काँक्रीटचे खांब इतके दणकट की बुलडोझर हात टेकून बसले. शेवटी खांबांना भोकं पाडून त्यात स्फोटकं भरली आणि काही सेकंदांत काम झालं. बंगल्याचं नाव ‘रुपन्या’, मालक हिरे व्यापारी नीरव मोदी. वाहिन्यांनी दिवसभर तीच दृश्यं फिरवली आणि बहुतेकांची समजूत झाली की पंजाब नॅशनल बँक बुडवली म्हणून सरकारने घर पाडलं.

तसं नव्हतं. बँकेचा एक रुपयाही बुडाला नसता, तरी तो बंगला पाडावाच लागणार होता. तो पडला किनारा नियमन क्षेत्राच्या, म्हणजे सीआरझेडच्या नियमाखाली. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या आधारे केंद्राने 19 फेब्रुवारी 1991 रोजी पहिली अधिसूचना काढली आणि भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतची जमीन नियमांखाली आणली. ग्रामीण किनाऱ्यावर त्यातल्या पहिल्या 200 मीटरमध्ये नवं बांधकाम जवळजवळ बंदच. नियम 2011 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये बदलले, दाट वस्तीच्या गावांसाठी सैल झाले, पण वाळूला चिकटून जलतरण तलावासह हवेली बांधा, असं त्यात कधीच लिहिलेलं नव्हतं.

तरीही त्या बांधल्या गेल्या. वरसोलीपासून मांडव्यापर्यंतच्या पट्ट्यात गेल्या तीसेक वर्षांत नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या जागी उंच कुंपणं आली. मुंबईतून भाऊच्या धक्क्यावरून किंवा गेटवेवरून बोटीत बसलं की तासाभरात मांडवा. 2020 मध्ये रो-रो सुरू झाल्यावर गाडीसुद्धा सोबत. जमिनीचे भाव कुठे जातील हे सांगायला ज्योतिषी नको. बेकायदा बंगल्यांविरुद्ध 2009 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. तिच्या तारखा पडत राहिल्या, नोटिसा निघत राहिल्या, बंगलेवाल्यांनी दिवाणी न्यायालयातून स्थगिती आणली. पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा फुटून मालकाचं नाव देशभर झालं, तेव्हा कुठे याचिकेतल्या अनेक बंगल्यांपैकी या एकाची फाईल हलली. 2018 च्या पावसाळ्यात तेव्हाचे पर्यावरण मंत्री रामदास कदम यांनी पाडकामाचे आदेश दिले. बंगला सक्तवसुली संचालनालयाच्या, म्हणजे ईडीच्या जप्तीत होता. तिथून तो मोकळा करून घ्यावा लागला. एका सरकारी खात्याला पाडायचा होता, दुसऱ्याला विकून पैसे वसूल करायचे होते. अखेर आतलं मौल्यवान सामान बाजूला काढलं आणि मग सुरुंग लागला.

इथल्या कोळीवाड्यांत या सगळ्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात. मच्छीमाराला घराची एक खोली वाढवायची तर सीआरझेडचा दाखला मागतात, पंचायत हात वर करते, घर नावावर नाही म्हणून कर्ज मिळत नाही. 2011 च्या अधिसूचनेने पारंपरिक किनारी समाजाला 100 ते 200 मीटरच्या पट्ट्यात घरासाठी थोडी वाट करून दिली, तीही कागदपत्रांच्या लांबलचक माळेतून. ज्याच्याकडे वास्तुविशारद, वकील आणि थांबायची ऐपत आहे, त्याला तोच नियम फारसा टोचत नाही.

आता थळच्याच एका प्रकरणाकडे. डिसेंबर 2017 च्या सुमारास प्राप्तिकर खात्याने इथली देजा वू फार्म्स या कंपनीची जवळजवळ पाच एकर मालमत्ता बेनामी कायद्याखाली तात्पुरती जप्त केली. अभिनेता शाहरुख खान यांचं नाव त्यात होतं, म्हणून बातमी गाजली. खात्याचा युक्तिवाद असा: शेती करतो म्हणून कंपनीने जमीन घेतली, शेती केली नाही, फार्महाऊस बांधलं, आणि पैसा आला तो खान यांनी दिलेल्या विनातारण कर्जातून, म्हणजे कंपनी नावापुरती. जानेवारी 2019 मध्ये न्यायनिर्णय प्राधिकरणाने ही जप्ती रद्द केली. कंपनीने कर्ज घेऊन केलेल्या व्यवहाराला बेनामी म्हणता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. जप्तीची बातमी पहिल्या पानावर होती आणि जप्ती उठल्याची कुठे तरी आत, हे सांगायलाच हवं.

या प्रकरणाने एक गोष्ट मात्र लख्ख दाखवली. महाराष्ट्रात कूळ कायद्याच्या कलम 63 नुसार शेतजमीन शेतकऱ्यालाच विकता येते. इतरांना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मग मुंबईचा व्यापारी किनाऱ्यावर जमीन घेतो कशी? वाटा ठरलेल्या आहेत. कंपनी काढायची आणि शेतीसाठी परवानगी मागायची. बिनशेती, म्हणजे एनए करून घ्यायची. कुठल्या तरी तालुक्यातून शेतकरी दाखला ‘मिळवायचा’. नाहीतर गावातल्याच कुणाच्या नावावर घ्यायची आणि कुलमुखत्यारपत्र खिशात ठेवायचं. यातल्या पहिल्या दोन वाटा कायदेशीर, पुढच्या दोन नाहीत, पण सातबाऱ्यावर चौघेही सारखेच दिसतात. फेरफार नोंदवणाऱ्याने विचारलं तरच फरक कळतो.

विचारणारा माणूस विचारेनासा होतो, तिथे मोठा गुन्हा सुरू होतो. सुरा, पिस्तूल, पाठलाग हे सगळं नंतरचं. हे किनाऱ्यावर जितकं खरं, तितकंच फोर्टातल्या बँकेच्या शाखेत.

पंजाब नॅशनल बँकेची ब्रॅडी हाऊस शाखा. परदेशातून कच्चे हिरे किंवा मोती आणणाऱ्या व्यापाऱ्याला डॉलर हवे असतात. त्याची इथली बँक परदेशातल्या दुसऱ्या भारतीय बँकेच्या शाखेला हमीपत्र पाठवते: याला पैसे द्या, याने नाही फेडले तर आम्ही देऊ. याला लेटर ऑफ अंडरटेकिंग, बँकेच्या बोलीत एलओयू, म्हणत. गावच्या दुकानदाराने ओळखीच्या गिऱ्हाइकाच्या हाती दुसऱ्या दुकानदारासाठी चिठ्ठी द्यावी, तसंच हे. फक्त चिठ्ठी ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेवरून जाते. अशी हमी देताना बँकेने ग्राहकाकडून तारण किंवा रोख मार्जिन घ्यायचं असतं, पतमर्यादा मंजूर करायची असते आणि ते सगळं खातेवहीत नोंदवायचं असतं.

सीबीआयच्या आरोपपत्रानुसार उपव्यवस्थापक गोकुळनाथ शेट्टी यांनी हे संदेश पाठवले, पण बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीत त्यांची नोंदच केली नाही. स्विफ्ट आणि ती प्रणाली तेव्हा एकमेकांना जोडलेल्या नव्हत्या. हाँगकाँगमधल्या अलाहाबाद बँकेला, अॅक्सिस बँकेला पंजाब नॅशनलची हमी दिसत होती. पंजाब नॅशनलला स्वतःची हमी दिसत नव्हती. हिरे-मोत्यांच्या आयातीला अशी हमी 90 दिवसांचीच असायला हवी, इथे ती वर्षभराची निघत होती. जुनी फेडायची वेळ आली की नवी काढायची. शेट्टी 2010 पासून त्याच शाखेत होते. दर काही वर्षांनी बदली करायचा नियम त्यांच्यापुरता झोपला होता. रोज संध्याकाळी स्विफ्टच्या संदेशांचा छापील ताळा तपासायचा असतो. तोही कुणी तपासला नाही. लेखापरीक्षक आले, तपासनीस आले, सह्या झाल्या.

मे 2017 मध्ये शेट्टी निवृत्त झाले. जानेवारी 2018 मध्ये मोदींच्या कंपन्यांची माणसं नेहमीप्रमाणे नवी हमीपत्रं मागायला आली. टेबलावर नवा अधिकारी होता. त्याने पुस्तकात लिहिलेलं तेच विचारलं: शंभर टक्के मार्जिन भरा. समोरचे म्हणाले, आम्ही तर आजवर मार्जिन न भरताच घेत आलो आहोत. अधिकाऱ्याने जुन्या नोंदी शोधल्या; एकही सापडली नाही. सारा घोटाळा उघड झाला तो या एवढ्या संभाषणाने. तोवर नीरव मोदी 1 जानेवारीलाच देश सोडून गेले होते. पहिल्या तक्रारीत रक्कम 280 कोटींची होती. 14 फेब्रुवारीला बँकेने शेअर बाजाराला कळवलेला आकडा 11,400 कोटींचा होता, आणि मोदी व त्यांचे मामा मेहुल चोक्सी मिळून तो पुढे 13,000 कोटींच्या वर गेला. 13 मार्चला रिझर्व्ह बँकेने एलओयू ही पद्धतच बंद करून टाकली. त्यामुळे सरळमार्गी आयातदारांचीही पंचाईत झाली.

अशा गुन्ह्याला ‘पांढरपेशा गुन्हा’ हे नाव तुलनेने नवं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी 1939 मध्ये समाजशास्त्रज्ञांच्या वार्षिक सभेत पहिल्यांदा ठासून मांडलं की गुन्हा म्हणजे गरिबीचं अपत्य ही समजूत चुकीची आहे, कारण आपण मोजतोच गरिबांचे गुन्हे. दहा वर्षांनी त्यांचं पुस्तक आलं तेव्हा प्रकाशकाला अब्रुनुकसानीच्या दाव्यांची भीती वाटली आणि त्यातली कंपन्यांची नावं गाळावी लागली. नावांसकट पूर्ण पुस्तक छापून आलं 1983 मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर तीसेक वर्षांनी. त्यांच्या सिद्धान्ताला याहून चांगला पुरावा त्यांनाही देता आला नसता.

रायगडचा किनारा मात्र पांढरपेशा गुन्ह्यासाठी नव्हे, तस्करीसाठी कुप्रसिद्ध. 1968 च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यामुळे आणि आयातबंदीमुळे दुबईतला सोन्याचा भाव आणि झवेरी बाजारातला भाव यांत मोठी दरी होती. ती दरी होती तोवर खाडीखाडीत ‘लँडिंग’ होत राहिलं: रात्री ट्रॉलर येणार, माल उतरणार, ट्रक निघणार. लँडिंग एजंट ठरलेले, हमाल ठरलेले, आणि पोलीस व कस्टममधली ‘सेटिंग’ही ठरलेली. गावाला ते फारसं पाप वाटत नसे. सोनं-चांदी तर येते, कुणाचा जीव थोडाच जातो.

जानेवारी 1993 मध्ये त्याच वाटेने वेगळा माल आला. 9 जानेवारीच्या रात्री दिघीच्या धक्क्यावर शस्त्रं उतरली. ट्रक निघाले आणि गोंडघर फाट्यावर श्रीवर्धन पोलिसांनी अडवलेसुद्धा. नाकाबंदी होती, गस्त होती, उपनिरीक्षक जातीने हजर होते. तिथे घासाघीस झाली. पूर्ण रक्कम जवळ नव्हती, म्हणून उरलेल्या पैशांपोटी चांदीच्या विटा तारण ठेवून घेतल्या आणि ट्रक सोडले. हा तपशील खटल्याच्या पुराव्यात आहे आणि तो वाचताना थांबायला होतं: ब्रॅडी हाऊसमध्ये हजारो कोटींना तारण मागितलं नाही, पण लाचेच्या बाकीला इथे तारण घेतलं गेलं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शेखाडीला तस्कर टायगर मेमनच्या माणसांनी दोनदा माल उतरवला. त्यात आरडीएक्स होतं. 12 मार्चला मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका झाली आणि 257 माणसं गेली.

दहशतवादविरोधी टाडा कायद्याखालच्या विशेष न्यायालयाने 2006-07 मध्ये शंभर आरोपींना दोषी ठरवलं. त्यांत त्या उपनिरीक्षकासह पोलीस होते, कस्टमचे अधिकारीही होते. मुंबई कस्टमचे तत्कालीन अतिरिक्त कलेक्टर सोमनाथ थापा यांना जन्मठेप झाली आणि 2008 मध्ये त्यांचं निधन झालं. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आला 21 मार्च 2013 रोजी. पैसे घेताना फाट्यावरच्या पोलिसांना पेट्यांत काय आहे ते माहीत होतं का, यावर पुष्कळ खल झाला. माझ्या मते तो प्रश्न दुय्यम आहे. पेटी न उघडण्याचेच पैसे होते ते.

गुन्हेगारी टोळ्यांना आवरायला राज्याने पुढे काय केलं? टाडा 1995 मध्ये संपला. मुंबईत खंडणीचे फोन आणि बिल्डरांच्या हत्या रोजच्या झाल्या होत्या. 1999 मध्ये महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारीविरुद्ध मकोका हा कायदा आणला. त्याचा गाभा असा: एकेक गुन्हा सुटा न पाहता टोळीचा धंदा म्हणून पाहायचा. गेल्या दहा वर्षांत टोळीवर एकाहून जास्त आरोपपत्रं हवीत, अधीक्षक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो, जामीन अतिशय अवघड. पोलिसांच्या हाती इतकं धारदार हत्यार दिल्यावर ते कधी नको तिथेही चाललं आणि न्यायालयांना ते अनेकदा मागे ओढावं लागलं. पण टोळ्यांचं कंबरडं मोडण्यात मकोकाचा वाटा होता, तसा चकमकींचाही होता, आणि चकमकींचं कौतुक करायला माझी जीभ रेटत नाही. तिसरं कारण कमी बोललं जातं. सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 मध्ये गेला, नव्वदच्या दशकात सोन्या-चांदीची आयात खुली झाली, भावातली दरी आटली आणि किनाऱ्यावरच्या लँडिंगला पूर्वीची किंमत उरली नाही. पोलिसांना वर्षानुवर्षं जे जमलं नाही, त्यातलं बरंच अर्थखात्याच्या काही अधिसूचनांनी केलं.

26/11 नंतर सागरी पोलीस ठाणी आली, मांडव्याला एक, दिघीला एक. ऑगस्ट 2022 मध्ये हरिहरेश्वरजवळ एक बेवारस बोट लागली, आत एके-47 रायफली निघाल्या आणि रायगड जिल्हाभर नाकाबंदी झाली. चौकशीत निघालं की बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेची, ओमानजवळ सोडून द्यावी लागलेली आणि समुद्राने इथवर आणून टाकलेली. नाकाबंदी योग्यच होती. बंदूक दिसली की आपली यंत्रणा तासाभरात जागी होते. तीन मजली बेकायदा बांधकामाचं काँक्रीट महिनोन्महिने मिक्सरमधून ओतलं जातं, तेव्हा ते कुणाला दिसत नाही.

नव्या भारतीय न्याय संहितेने या दोन जगांना एका कलमात बसवलं आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या या कायद्याचं कलम 111 संघटित गुन्ह्याची व्याख्या करतं. अपहरण, खंडणी, सुपारी घेऊन खून यांच्या रांगेत तिथे जमीन बळकावणं आणि आर्थिक गुन्हेही आहेत. कागदावर हे मोठंच पाऊल. टोळीवर एकाहून जास्त जुनी आरोपपत्रं हवीत, ही अट मात्र मकोकासारखीच राहिली. आणि गोम तिथेच आहे: पांढरपेशा गुन्हेगाराचं वैशिष्ट्य हे की पकडला जाईपर्यंत त्याच्यावर एकही आरोपपत्र नसतं. उलट पुरस्कार असतात.

या सगळ्यात रायगडच्या सामान्य माणसाचं नुकसान झालं ते ब्रॅडी हाऊसमुळे नव्हे. ते झालं त्याच्या स्वतःच्या नाक्यावरच्या बँकेत. सप्टेंबर 2010 मध्ये पेण अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. बनावट कर्जखात्यांतून काही शे कोटी बाहेर गेल्याचं लेखापरीक्षणात दिसलं. ठेवीदारांत गणपतीचे कारखानदार होते, निवृत्त शिक्षक होते, भाजीवाल्या होत्या. मोर्चे निघाले, संघर्ष समिती झाली, लोक वर्षानुवर्षं पासबुकं घेऊन फिरत राहिले. ठेवीवरचं विमासंरक्षण तेव्हा फक्त एक लाखाचं होतं. ते पाच लाख झालं फेब्रुवारी 2020 मध्ये. त्यामुळे 2021 मध्ये पनवेलच्या कर्नाळा नागरी बँकेचा परवाना रद्द झाला, तेव्हा निदान छोट्या ठेवीदारांच्या हाती काही पडलं. तिथेही आरोप तेच: बनावट खाती, आतलीच माणसं. बँकेचे अध्यक्ष राहिलेले माजी आमदार विवेक पाटील यांना ईडीने अटक केली.

पैसे परत येतात का? थोडे येतात, फार उशिरा. 2018 मध्ये फरार आर्थिक गुन्हेगार कायदा झाला. 100 कोटींच्या वरचा गुन्हा करून देशाबाहेर बसलेल्याची मालमत्ता खटला संपण्याआधीच सरकारजमा करता येते. नीरव मोदींना डिसेंबर 2019 मध्ये तसं घोषित केलं आणि 2020 च्या उन्हाळ्यात या कायद्याखालची देशातली पहिली सरकारजमा झाली: वरळीच्या समुद्रमहालातले फ्लॅट, जैसलमेरची पवनचक्की, लंडन आणि दुबईतली घरं आणि अलिबागची किनाऱ्यालगतची जमीन, एकूण सुमारे 329 कोटींची. त्याआधी मार्च 2019 मध्ये त्यांची चित्रं लिलावात निघाली होती. वासुदेव गायतोंडे यांच्या एका चित्राला 25 कोटींवर बोली लागली. वर्षाला मोजकीच चित्रं करणाऱ्या, कुणाकडे फारसं न जाणाऱ्या त्या माणसाचा कॅनव्हास शेवटी प्राप्तिकराची थकबाकी भागवायला उपयोगी पडला. केंद्र सरकारने डिसेंबर 2024 मध्ये संसदेत सांगितलेल्या हिशोबानुसार या प्रकरणात 1,052 कोटींची मालमत्ता बँकांना परत मिळाली.

आरोपी मात्र तोवर भारताच्या हाती लागला नव्हता. किहीमच्या स्फोटानंतर अकरा दिवसांनी, 19 मार्च 2019 रोजी, नीरव मोदींना लंडनमध्ये अटक झाली. बँकेत खातं उघडायला गेले असता तिथल्या कर्मचाऱ्याने त्यांना ओळखलं होतं. म्हणजे इथेही पकडलं ते टेबलापलीकडच्या माणसानेच. फेब्रुवारी 2021 मध्ये वेस्टमिन्स्टर न्यायालयाने प्रत्यार्पणाच्या बाजूने कौल दिला, नोव्हेंबर 2022 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने अपील फेटाळलं, तरी प्रक्रिया लांबतच गेली. मेहुल चोक्सी यांना एप्रिल 2025 मध्ये बेल्जियममध्ये अटक झाली.

दोन्ही देशांतल्या न्यायालयांत बराच वेळ गेला तो आर्थर रोड तुरुंगातल्या बराक क्रमांक 12 वर. याच तुरुंगाच्या आवारात 1993 च्या स्फोटांचा खटला वर्षानुवर्षं चालला होता. भारताने बराकीची चित्रफीत लंडनला पाठवली: खिडक्या किती, उजेड किती, प्रत्येक कैद्याला किती चौरस मीटर जागा, शौचालय आत आहे की नाही. न्यायाधीशांनी ती बारकाईने पाहिली, बचावपक्षाने वायुवीजनावर हरकती घेतल्या, भारत सरकारने लेखी हमी दिली. आर्थर रोडच्या बाकीच्या बराकींत क्षमतेच्या कित्येक पट कच्चे कैदी असतात, पाळीपाळीने झोपतात. मोबाईलचोरीत आत आलेला, जामिनाला हमीदार न मिळालेला पोरगा त्यांत असतो. त्याच्या बराकीत उजेड किती येतो, हे आजवर कुठल्या न्यायालयाने चित्रफीत मागवून पाहिलेलं नाही.